स्कॉटलंडच्या डोंगरवाटा : दम ओळखून निवड

लंडन पाहून झाल्यावर स्कॉटलंडकडे वळणारे पर्यटक असोत किंवा एडिंबरा, ग्लासगो येथे शिकणाऱ्या मुलांना भेटायला गेलेले आई-वडील असोत, बहुतेकांना तेथील डोंगर आणि सरोवरे बसच्या खिडकीतूनच दिसतात. वास्तविक हा देश पायी पाहण्याचा आहे. शहराच्या वेशीपासून ब्रिटनमधील सर्वोच्च शिखरापर्यंत चालण्याच्या असंख्य वाटा तेथे आहेत आणि त्यांतील बहुतेकांसाठी शुल्क अथवा परवाना लागत नाही. प्रश्न असतो तो निवडीचा. पंचविशीतील मुलगी, साठी ओलांडलेले वडील आणि दहा वर्षांचा नातू एकाच वाटेवर निघाले, तर एकाला जो विरंगुळा वाटेल तो दुसऱ्याच्या जिवावर बेतू शकतो.

स्कॉटलंडचे डोंगर बुटके आहेत आणि त्यामुळेच ते सोपे वाटतात. याच समजुतीपायी अपुऱ्या तयारीने निघालेल्यांना खाली आणण्यासाठी तेथील बचाव पथकांना दरवर्षी धाव घ्यावी लागते. वाट निवडताना शिखराच्या उंचीपेक्षा प्रत्यक्ष चढ किती, पायाखालची जमीन कशी आणि मध्येच परत फिरता येईल की नाही, या तीन गोष्टी पाहणे अधिक महत्त्वाचे असते.

उंचीचा आकडा फसवा

बेन नेव्हिस हे ब्रिटनमधील सर्वांत उंच शिखर. त्याची उंची १,३४५ मीटर. महाराष्ट्रातील कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे; म्हणजे कळसूबाई चढून आलेल्याला बेन नेव्हिस किरकोळ वाटणे स्वाभाविक आहे. मात्र कळसूबाईच्या पायथ्याचे बारी गाव मुळातच समुद्रसपाटीपासून बरेच उंचावर वसलेले आहे. बेन नेव्हिसची चढाई ग्लेन नेव्हिसच्या दरीतून, जवळजवळ समुद्रसपाटीपासूनच सुरू होते. त्यामुळे तेथे सुमारे १,३०० मीटरचा चढ पायांनीच काढावा लागतो. शिखर कमी उंच असूनही चढ अधिक पडतो, तो असा.

स्कॉटलंडमधल्याच दोन डोंगरांची तुलनाही अशीच बोलकी आहे. शीहॅलियन १,०८३ मीटर, तर बेन लोमंड ९७४ मीटर उंच आहे. शीहॅलियनची नेहमीची वाट सुमारे सव्वातीनशे मीटर उंचीवरून निघते आणि जाऊन-येऊन साधारण १० किलोमीटरमध्ये सुमारे साडेसातशे मीटर चढ होतो. बेन लोमंडची वाट सरोवराच्या काठावरील रोअर्डेननहून निघते; तेथे १२ किलोमीटरमध्ये साडेनऊशे मीटरहून अधिक चढ होतो. अधिक उंच शिखर येथे कमी दमवते.

हा फरक नकाशावरील समोच्च रेषांवरून आधीच कळतो. योगायोग असा, की शीहॅलियनचा या रेषांच्या इतिहासाशी जवळचा संबंध आहे. राजज्योतिषी नेव्हिल मॅस्केलिन यांनी १७७४ मध्ये पृथ्वीची घनता काढण्यासाठी हा डोंगर निवडला. त्या मोजणीची आकडेमोड करताना गणितज्ञ चार्ल्स हटन यांनी समान उंचीचे बिंदू रेषांनी जोडले. समोच्च रेषांच्या वापराचे ते एक आद्य उदाहरण मानले जाते. आज ऑर्डनन्स सर्व्हे या संस्थेच्या नकाशांवर या रेषा पाहूनच वाट ठरवता येते. रेषा दाट असतील तेथे चढ तीव्र, विरळ असतील तेथे सौम्य. पायी चालणाऱ्यांसाठी १:२५,००० प्रमाणाचा नकाशा सर्वांत सोयीचा.

वेळेचे गणित

वाटेला किती वेळ लागेल, याचा अंदाज बांधण्याची सोपी रीत स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये सांगितली. ती आजही वापरात आहे. दर पाच किलोमीटरला एक तास आणि त्यावर दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास धरावा, असे तिचे आजचे रूप आहे.

बेन नेव्हिसच्या रुळलेल्या वाटेचे जाऊन-येऊन अंतर साधारण साडेसोळा किलोमीटर आहे. त्याचे सव्वातीन तास आणि चढाचे सव्वादोन तास धरले, की साडेपाच तास होतात. परंतु हे गणित सराव असलेल्या, न थांबता चालणाऱ्या माणसाचे आहे. विश्रांती, जेवण, छायाचित्रे यांचा वेळ त्यात नाही. सराव नसलेल्याने आलेला आकडा दीडपट करावा. त्या हिशेबाने बेन नेव्हिसला आठ तासांहून अधिक वेळ लागतो आणि प्रत्यक्षातही बहुतेकांना सात ते नऊ तास लागतात. गटासाठी हिशेब करताना सर्वांत सावकाश चालणाऱ्याचा वेग धरावा.

आधी स्वतःची परीक्षा

शहरात राहणाऱ्याला चढाचा अंदाज जिन्यावरून सहज येतो. इमारतीचा एक मजला साधारण तीन मीटरचा धरला, तर ३०० मीटरचा चढ म्हणजे शंभर मजले. हे शंभर मजले एका दमात चढायचे नसतात, तरी ते चढायचे असतात आणि उतरायचेही असतात, हे ध्यानात ठेवावे. चढताना दम लागतो, पण गुडघे बोलू लागतात ते उतरताना.

प्रवासाला निघण्यापूर्वी दोन महिने तरी आठवड्यातून काही दिवस नियमित चालावे आणि जमेल तसा जवळच्या टेकडीवर अथवा जिन्यावर सराव करावा. चालताना पूर्ण वाक्य बोलता येत असेल, तर वेग योग्य आहे. दोन शब्दांनंतर थांबावे लागत असेल, तर तो कमी करावा. दोन तासांच्या चालीनंतर दुसऱ्या दिवशी पाय कसे आहेत, यावरूनही पुष्कळ कळते. हृदयविकार, दमा, मधुमेह किंवा गुडघेदुखी असलेल्यांनी डॉक्टरांचा सल्ला घेऊनच चढाची वाट निवडावी आणि नेहमीची औषधे खिशात ठेवावीत.

पहिली पायरी : सपाट वाटा

ज्यांना चालण्याची सवय नाही, ज्यांच्याबरोबर लहान मुले किंवा वृद्ध आहेत, त्यांच्यासाठी सरोवरांचे काठ आणि कालव्यांचे बांध उत्तम. स्थानिक भाषेत सरोवराला ‘लॉख’ म्हणतात. केअर्नगॉर्म्स राष्ट्रीय उद्यानातील अ‍ॅव्हीमोर गावाजवळ रॉथिमर्कसच्या जुन्या पाइन वनात लॉख अ‍ॅन आयलीन हे सरोवर आहे. त्याच्या मध्यावर बेटावरील किल्ल्याचे भग्नावशेष दिसतात. सरोवराभोवतीची प्रदक्षिणा साधारण पाच किलोमीटरची, जवळजवळ सपाट आणि रुंद वाटेची आहे. रमतगमत दीड-दोन तास पुरतात.

याहूनही छोटी वाट हवी असल्यास ग्लेनको गावालगतचे ग्लेनको लॉखन पाहावे. कॅनडात नाव आणि संपत्ती मिळवून परतलेले लॉर्ड स्ट्रॅथकोना यांनी १८९० च्या दशकात हे कृत्रिम तळे करवून घेतले आणि भोवती उत्तर अमेरिकेतील वृक्ष लावले. त्यांच्या पत्नी इझाबेला यांना कॅनडाची ओढ लागलेली असे, म्हणून मायदेशाची आठवण देणारे वन उभे करण्याचा हा खटाटोप होता, असे सांगितले जाते. तळ्याभोवतीची छोटी फेरी अर्ध्या-पाऊण तासात होते. ग्लेनकोचे रौद्र कडे मान वर करून पाहता येतात, चढावे लागत नाहीत.

एडिंबरात मुक्काम असेल, तर युनियन कालवा हाताशी आहे. १८२२ मध्ये खुला झालेला हा कालवा एडिंबरापासून फॉलकर्कपर्यंत सुमारे ५० किलोमीटर एकाच पातळीतून जातो. त्यामुळे बोटी ओढणाऱ्या घोड्यांसाठी केलेल्या काठच्या वाटेवर चढ जवळजवळ नाहीच. एडिंबरा-ग्लासगो रेल्वेमार्गावरील लिनलिथगो स्थानकावर उतरून पश्चिमेकडे साधारण चार किलोमीटर चालले, की एव्हन नदीवरचा उंच जलसेतू लागतो. तेथून परत फिरावे. वेळ उरल्यास गावातील राजवाडा पाहावा. राणी मेरीचा जन्म १५४२ मध्ये तेथेच झाला.

सपाट म्हणजे सोपे, असे मात्र सरसकट समजू नये. ग्लासगोला १८५९ पासून पाणी पुरवणाऱ्या लॉख कॅट्रिनच्या काठाने जाणारा डांबरी रस्ता पर्यटकांच्या मोटारींना बंद आहे आणि चालायला सुखद आहे. परंतु ट्रॉसॅक्स धक्क्यापासून स्ट्रोनॅकलॅकरपर्यंत तो सुमारे वीस किलोमीटर भरतो. तासभर चालून माघारी फिरणे नवख्याच्या हिताचे.

दुसरी पायरी : किनारे आणि टेकड्या

रोज अर्धा-पाऊण तास चालणाऱ्यांना, गुडघे शाबूत असलेल्यांना या वाटा झेपतात. फाइफ परगण्याच्या किनाऱ्याने जाणारी वाट १८७ किलोमीटर लांब आहे, पण तिचा हवा तेवढाच तुकडा निवडता येतो. क्रेल ते अ‍ॅन्स्ट्रदर हा साधारण साडेसहा किलोमीटरचा भाग दोन जुन्या मच्छीमार बंदरांना जोडतो. वाट मुख्यतः समुद्राच्या पातळीलगत असली, तरी काही ठिकाणी खडकाळ व पावसात निसरडी होते. दोन्ही गावे बसमार्गावर असल्याने परतताना पुन्हा चालावे लागत नाही.

पर्थशायरमधील डन्केल्डजवळचे हर्मिटेज हे उंच डग्लस फर वृक्षांचे वन ब्रान नदीच्या काठी आहे. धबधब्यावरील ‘ऑशियन्स हॉल’ या जुन्या सज्जापर्यंतची वाट तासाभराची आणि सौम्य चढाची आहे. एडिंबरातील आर्थर्स सीट ही २५१ मीटर उंचीची टेकडी मृत ज्वालामुखीचा अवशेष होय. पायथ्यापासून सुमारे दोनशे मीटर चढ होतो. माथ्यालगतचे खडक हजारो पावलांनी घासून गुळगुळीत झालेले आहेत. चपला किंवा सपाट तळव्याच्या बुटांनी तेथे जाऊ नये. मोठ्या डोंगरापूर्वीची चाचणी म्हणून ही टेकडी उपयोगी आहे. ती चढून पाय थरथरत असतील, तर पुढच्या पायरीची घाई करू नये.

तिसरी पायरी : लहान शिखरे

आठवड्यातून तीन-चार दिवस व्यायाम करणारे, अधूनमधून गडकिल्ल्यांवर जाणारे यांच्यासाठी तीनशे-चारशे मीटर चढाच्या वाटा योग्य. लॉख लोमंडच्या पूर्व काठावरील बाल्माहा गावातून कॉनिक हिल या ३६१ मीटर उंच टेकडीवर जाऊन परतायला दोन ते अडीच तास लागतात. अंतर चार-पाच किलोमीटरच असले, तरी चढ खडा आहे. हायलँड्स आणि सखल प्रदेश यांना विभागणारी भूस्तराची भेग येथूनच जाते. माथ्यावरून पाहिले, की सरोवरातील बेटे त्याच रेषेत ओळीने मांडल्यासारखी दिसतात.

स्काय बेटावरील ओल्ड मॅन ऑफ स्टॉर हा सुमारे पन्नास मीटर उंचीचा सुळका अनेक छायाचित्रांतून परिचित आहे. त्याच्या पायथ्यापर्यंत जाऊन-येऊन चार-साडेचार किलोमीटर अंतर आणि सुमारे तीनशे मीटर चढ होतो. वाट बांधलेली असली, तरी वरच्या भागात घसारा आहे आणि वारा जोराचा असतो. एडिंबराच्या दक्षिणेकडील पेंटलंड टेकड्यांवर मोकळ्या, गवताळ डोंगरधारेवरून चालण्याचा सराव होतो. तेथील सर्वोच्च माथा स्कॉल्ड लॉ ५७९ मीटर उंच आहे.

चौथी पायरी : मन्रो

सर ह्यू मन्रो यांनी १८९१ मध्ये स्कॉटलंडमधील तीन हजार फुटांहून, म्हणजे ९१४ मीटरहून उंच शिखरांची यादी प्रसिद्ध केली. तेव्हापासून या शिखरांना ‘मन्रो’ असेच म्हणतात. फेरमोजणीनंतर २०१२ पासून त्यांची संख्या २८२ धरली जाते. पहिला मन्रो म्हणून बेन लोमंड आणि शीहॅलियन ही दोन नावे नेहमी पुढे येतात. दोन्हींवर ठळक, दुरुस्त केलेल्या वाटा आहेत. शीहॅलियनच्या माथ्याकडील लांब टप्पा मात्र मोठमोठ्या दगडांचा असून तेथे धुक्यात वाट हरवते आणि पाऊल मुरगळण्याचा संभव असतो. सलग पाच-सहा तास चालण्याचा, त्यातील दोन तास चढण्याचा सराव असलेल्यांनीच या पायरीवर यावे.

बेन नेव्हिस त्याच्याही पुढचा. माथ्यावर १८८३ ते १९०४ या काळात हवामान वेधशाळा होती. तिच्या नोंदींनुसार तेथील वार्षिक सरासरी तापमान शून्याच्या आसपास आहे. माथ्याचे पठार बहुतेक दिवस ढगात असते आणि त्याच्या उत्तरेकडील कडे एकदम तुटलेले आहेत. दाट धुके असल्यास होकायंत्र वापरता येत नसलेल्याने माथ्याचा हट्ट धरू नये. ग्लेनकोतील आनॉक ईगॅख ही धारदार डोंगररांग किंवा स्काय बेटावरील ब्लॅक कुलिन यांची गणना तर पदभ्रमणात होतच नाही. तेथे कातळारोहणाचे कौशल्य अथवा जाणकार वाटाड्या हवा.

लांब पल्ल्याच्या वाटा

ग्लासगोजवळच्या मिलगायपासून फोर्ट विल्यमपर्यंतची वेस्ट हायलँड वे ही वाट १९८० मध्ये खुली झाली. तिची लांबी १५४ किलोमीटर आहे. बहुतेक लोक ती सात-आठ दिवसांत पूर्ण करतात, म्हणजे रोज सरासरी वीस किलोमीटर चाल होते. या वाटेचा सर्वोच्च बिंदू केवळ ५४८ मीटरवर आहे, पण चालणाऱ्यांना छळणारा टप्पा तो नव्हे. रोअर्डेननच्या उत्तरेला लॉख लोमंडच्या काठाने मुळे आणि खडक ओलांडत जावे लागते. उंची नगण्य असूनही तेथे तासाला दोन-तीन किलोमीटरच अंतर कापले जाते. पायाखालची जमीन पाहावी, ती यासाठी. फोर्ट विल्यम ते इन्व्हर्नेस ही १२७ किलोमीटरची ग्रेट ग्लेन वे त्या मानाने सौम्य आहे, कारण तिचा मोठा भाग कालव्याच्या काठाने आणि वनमार्गांनी जातो.

सलग चाल हे वेगळेच प्रकरण आहे. एक दिवस वीस किलोमीटर चालणे निराळे आणि पायाला फोड आलेले असताना पाचव्या दिवशी तेवढेच चालणे निराळे. निघण्यापूर्वी दोन दिवस ओळीने तेवढे अंतर चालून पाहावे. या मार्गांवर सामान पुढच्या मुक्कामी पोहोचवणाऱ्या खासगी सेवा आहेत. पाठीवरचे ओझे कमी झाल्यास वाट एका पायरीने सोपी होते.

ऋतू आणि हवामान

एकच वाट जूनमध्ये एक असते आणि डिसेंबरात दुसरीच. इन्व्हर्नेसच्या परिसरात जूनच्या उत्तरार्धात दिवस अठरा तासांचा, तर डिसेंबरच्या उत्तरार्धात जेमतेम साडेसहा तासांचा असतो. आठ तासांची वाट हिवाळ्यात उजेडात पूर्ण होऊच शकत नाही. उंच डोंगरांवर बर्फ एप्रिल-मेपर्यंत राहू शकतो. बर्फकुऱ्हाड व बुटांना लावायचे काटे वापरण्याचे शिक्षण नसलेल्यांनी हिवाळ्यात पहिल्या दोन पायऱ्यांवरच समाधान मानावे.

दर हजार मीटर उंचीला तापमान साधारण सहा-सात अंशांनी उतरते आणि वाऱ्याने थंडी त्याहून अधिक बोचते. दरीत पंधरा अंशांचे सुखद ऊन असताना माथ्यावर स्वेटर, टोपी, हातमोजे लागतात. जीन्स आणि सुती सदरा भिजला, की अंगातील ऊब निघून जाते. त्याऐवजी लवकर वाळणारे कपडे, लोकरी अथवा तत्सम उबदार थर आणि वर पाणी न शिरणारे जाकीट असावे. घोट्याला आधार देणारे, आधी वापरून मऊ केलेले बूट, नकाशा, विजेरी, शिटी, पाणी आणि जास्तीचे खाणे बरोबर घ्यावे. निघण्याच्या दिवशी सकाळी डोंगराळ भागासाठीचा स्वतंत्र हवामान अंदाज पाहावा. शहराचा अंदाज माथ्याला लागू पडत नाही. पावसानंतर ओढ्यांना येणारा लोंढा सह्याद्रीत फिरणाऱ्यांना नवा नाही. स्कॉटलंडमध्येही तोच नियम : पाणी उतरेपर्यंत ओढा ओलांडू नये.

मे अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत पश्चिमेकडे ‘मिज’ नावाच्या अतिसूक्ष्म चावऱ्या माश्यांचा उपद्रव असतो. वारा असला, की त्या नाहीशा होतात. गवतातील गोचिडांमुळे लाइम रोग होऊ शकतो. यास्तव लांब विजार घालावी आणि परतल्यावर अंग तपासावे.

चालण्याचा हक्क

स्कॉटलंडच्या २००३ च्या भूसुधारणा कायद्याने बहुतेक सर्व मोकळ्या जमिनीवर, ती खासगी असली तरी, जबाबदारीने वावरण्याचा हक्क दिला आहे. २००५ पासून तो अमलात आहे. घरांचे अंगण आणि उभी पिके त्यातून वगळली आहेत. मोटारींनाही हा हक्क नाही. फाटक जसे असेल तसेच उघडे वा बंद ठेवावे, मेंढ्यांच्या विणीच्या काळात कळपांपासून दूर राहावे, कचरा परत आणावा, एवढीच अपेक्षा असते. ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात हरणांची शिकार चालते. तेव्हा डोंगरावरील सूचनाफलक पाहूनच पुढे जावे.

अडचण आल्यास

कोठे जाणार आणि किती वाजता परतणार, हे मुक्कामाच्या ठिकाणी सांगून निघावे. अपघात झाल्यास ९९९ या क्रमांकावर दूरध्वनी करून आधी पोलीस आणि मग पर्वत बचाव पथक मागावे. अनेक दऱ्यांत मोबाइल चालत नाही. अशा वेळी मिनिटाला सहा वेळा शिटी वाजवून एक मिनिट थांबावे आणि पुन्हा तसेच करावे. तेथील पथके प्रामुख्याने स्वयंसेवकांची आहेत आणि मदतीचे शुल्क घेत नाहीत.

माघारी फिरण्याची वेळ निघतानाच ठरवावी. दुपारी एक वाजेपर्यंत माथा आला नाही, तर आहे तेथून परतायचे, असा निर्णय पायथ्याशी घेणे सोपे असते; माथा समोर दिसत असताना तो घेणे कठीण. पहिल्या दिवशी झेपेल त्याहून एक पायरी खालची वाट घ्यावी. ती सहज जमली, तर दुसऱ्या दिवशी वरच्या पायरीवर जाता येते. नाहीच जमली, तर उरलेली सुटी हातची जात नाही आणि बरोबरीचे वडीलधारेही पुढच्या चालीला आनंदाने तयार होतात.